स्टिअरिंगमधला पत्रा

निवृत्तीनंतर मी एक जुनी पिकअप घेतली. आयुष्यभर लोकांच्या थाटामाटाला हसल्यावर एवढी सूट मी स्वतःला दिली होती. आधीच्या मालकाने तिला नवं इंजिन, चकचकीत बंपर, आगगाडीला शोभेल असा भोंगा आणि भलत्याच गाडीचं स्टिअरिंग बसवलं होतं. दिसायला देखणी, फक्त सरळ चालायचं म्हटलं की विचारात पडायची.

बुद्ध पौर्णिमेच्या मिरवणुकीत मूर्ती तिच्यावरून न्यायचं ठरलं. म्हणून दोन दिवस आधी मी ती दुसरबीडच्या मिस्त्रीकडे नेली.

"काऊन सर, लई डोलून राह्यली?" म्हणत तो गाडीखाली शिरला.

बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात पत्र्याचा तुकडा होता. चाक वळवणाऱ्या दांड्याची निमुळती खुंटी नव्या गाडीची, बारीक. ती ज्या भोकात बसते तो लोखंडी हात जुन्या गाडीचा, भोक मोठं. मधली फट तेलाच्या डब्याचा पत्रा गुंडाळून भरलेली. तो झिजून कागदासारखा झाला होता.

"कोण्या गाढवाचं काम आहे हे?" मी विचारलं.

"माह्यंच," तो म्हणाला. "तवा गाडी त्या मालकाची होती. वरातीची घाई. म्हणे आजच्या दिवस चालव, उद्या येतो. तो उद्या आज आला, सर."

संध्याकाळी मिरवणूक काढणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष गॅरेजवर आले. मिरवणुकीचा पांढराशुभ्र सदरा त्यांनी आत्तापासूनच घातला होता.

"अबे, पायी चालायच्या वेगानं तं जायचं हाये. कोंब दुसरा पत्रा!"

"बाजूनं बाया-लेकरं चालतीन, भाऊ. माही मायबी त्यातच राह्यते."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी 'नको' म्हणायला हवं होतं. पण गाडी माझी होती, आणि मलाही मिरवायचं होतं. मी फडकं घेऊन बंपर पुसू लागलो.

मिस्त्रीने तो लोखंडी हातच खोलला, रद्दीत गुंडाळला, खुंटीसह पिशवीत टाकला आणि घरी नेला. सकाळच्या एसटीने तो मेहकरला लेथवर गेला. पिशवी घरी नेण्याचं कारण मला उशिरा कळलं: रात्रीतून पत्रा कोंबून गाडी नेणार नाही, असा त्याचा अध्यक्षांवर आणि माझ्यावरही भरवसा नव्हता. योग्यच होतं.

दुपारी तो पोलादी बुश, म्हणजे फटीच्या मापाची नळी, घेऊन परतला. भोकात बुश, बुशात खुंटी. नट आवळून त्याने पिन घातली. मग स्टिअरिंग मला धरायला लावून खालून दांडा जोर लावून हलवला. तसूभरही हलला नाही.

मिरवणुकीत लोक मूर्तीला हात जोडत होते. इस्त्रीचा शर्ट घातलेला मिस्त्री पुढच्या उजव्या चाकाशेजारून चालत होता, नजर चाकावर. वळणावर त्याची आई चालता चालता चाकाच्या अगदी जवळ आली. मी स्टिअरिंगवरून हाक मारणार होतो. त्याने एकदा चाकाकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि तिला तिथूनच चालू दिलं.