हिरवी ट्रंक

महानगर कोणाला परके मानत नाही. कष्टाची तयारी असलेल्या प्रत्येक तरुणासाठी त्याचे दार सदैव उघडे असते. आमच्या मुंबईकर मंडळाचे अध्यक्ष दर शिमग्याला गावी येतात आणि देवळाच्या पायरीवर उभे राहून ही दोन वाक्ये म्हणतात. आमच्या गावापुरते ते दार म्हणजे परळच्या एका चाळीतली गावकीची खोली. तिला कुलूप असे आणि किल्ली अध्यक्षांच्या करगोट्याला.

गाव पोलादपूरहून कशेडीकडे जाताना, डोंगरात. पूर्वी इथून जो कोणी मुंबईला नोकरी शोधायला जाई, तो त्या खोलीत उतरे. जागा ट्रंकेवरून ठरे: भिंतीशी ज्याची ट्रंक, तिच्यापुढे त्याची पथारी. माणूस रात्रपाळीला असो की भातलावणीला गावी आलेला, ट्रंक आहे तोवर जागा त्याची. नियम चांगला होता. पुढे सगळे विरार-डोंबिवलीला आपापल्या घरांत गेले आणि ट्रंका तिथेच राहिल्या. खोली भरलेली होती; राहत मात्र कोणी नव्हते.

मी महाडला मास्तर होतो, तरी शिमग्याच्या सभेला कधी चुकलो नाही. त्या वर्षी अध्यक्षांचे भाषण संपले आणि बायकांच्या बाजूने एक मुलगी उठली. तिचे वडील वारलेले, आई दुसऱ्यांच्या शेतावर जाणारी. महाडच्या आयटीआयमधून ती इलेक्ट्रिशियन झाली होती आणि मुंबईत लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीने तिला शिकाऊ म्हणून घेतले होते. पगारात खोलीचे भाडे बसत नव्हते. सोमवारी हजर झाली नाही, तर तिच्या जागी दुसरा कोणी जाणार होता.

"मला गावची खोली हवी," ती म्हणाली. "संगती वरंधची मैत्रीण हाय."

"खोलीत बाई नाय राहिली कधी," एक काका म्हणाले.

"बाप्ये तरी कोण राहतात आता?" तिच्या मागून एका काकीने विचारले. "उंदरांना विचारून घ्या हवं तर."

"चौथा माळा हाय गो पोरी. लिफ्ट नाय."

"तेच शिकायला चाललेय, काका."

सभा हसली. अध्यक्ष हसले नाहीत. गावकी भावनेवर नाही, परंपरेवर चालते, असे त्यांनी सांगितले. ज्याची ट्रंक, त्याची जागा.

"मग बाबांची हाय की," मुलगी म्हणाली. "हिरवी, खिडकीखाली. ते गेले तेव्हा आणायला कोण गेलंच नाय."

अध्यक्षांनी शेजारच्या आबांकडे पाहिले. आबांनी आधी देवाला हात जोडले. मग म्हणाले, "हाय. हिरवी. माझ्या ट्रंकेला खेटून."

पेच अवघड होता. मेलेल्या माणसाची ट्रंक धरायची नाही असे ठरवावे, तर निम्म्या सभेचा हक्क बापाच्या ट्रंकेवरच उभा होता. माझ्या वडिलांचीही तिथे आहे. काळी, कडी तुटलेली. हिशेब प्रत्येकाने मनातल्या मनात केला. अध्यक्षांनी करगोटा चाचपला. किल्लीची गाठ सुटता सुटेना. शेवटी काकीने विळी आणून दिली.

सोमवारी मुलगी कामावर हजर झाली. आता ती तिथे कायम आहे. लोअर परळच्या उंच इमारतींत लिफ्ट अडली की लोक तिची वाट पाहतात, आतून. तिच्यामागे खोऱ्यातल्या आणखी मुली खोलीवर गेल्या. कोणी शिकायला, कोणी कामाला. प्रत्येकीने गावाहून ट्रंक नेली. सॅकवर हक्क लागत नाही, हे त्यांना ठाऊक आहे.

अध्यक्षांच्या भाषणात हल्ली 'मंडळाने सुरू केलेले मुलींचे वसतिगृह' असा उल्लेख असतो. टाळ्या मुलीच सर्वांत जोरात वाजवतात.

हिरव्या ट्रंकेची किल्ली काही सापडली नाही. ट्रंक अजून बंदच आहे. तिच्यावर मुली गॅसची शेगडी ठेवतात.