बाबांची पहिली मेणबत्ती

ऑक्टोबर संपताना सोसायटीतली मुलं मुखवटे घालून दारावर येतात आणि मला ऐंशीच्या दशकातला, वसईजवळच्या वटार या आमच्या गावचा प्रवास आठवतो.

शाळेत आमच्या आयरिश सिस्टर सांगायच्या, हॅलोविन म्हणजे सर्व संतांच्या सणाची आदली संध्याकाळ. त्यांच्या गावी सलगम कोरून दिवे करत. पूर्वी गरीब माणसं दारोदारी गोड पाव मागत आणि त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना करत. मला भुतांची भीती वाटायची नाही, त्या पावाची भूक मात्र लागायची.

त्या वर्षी भर पावसाळ्यात गावी बाबा गेले; ते तिथल्या शाळेत मास्तर होते. मी नागपूरहून वेळेत पोचले नाही. निदान मृतांच्या दिवशी त्यांच्या कबरीवर लागणारी पहिली मेणबत्ती तरी माझ्या हातची असावी, म्हणून दोन नोव्हेंबरला मी आणि माझा नवरा व्हिन्सेंट वटारला गेलो.

नालासोपाऱ्याहून एसटी मिळते; तिकीट तेव्हा अगदी किरकोळ होतं. तुम्ही गेलात तर खिडकी धरा. केळीच्या बागा, पानवेली आणि मध्येच खारा वारा. आत्याकडे तांदळाची भाकरी आणि सुके बोंबील जेवलो. गुडघ्यांमुळे ती दफनभूमीत येणार नव्हती.

"पावसानं क्रूसावरचं नाव गेलं असेल. फाटकापासून तिसरी रांग, पाचवा क्रूस. मोजून घे गो बाय."

मोजलं. तण काढलं, शेवंती पसरली, बाबांशी मनसोक्त बोलले. काडी पेटवणार तोच मागून लाल लुगड्यातली एक म्हातारी म्हणाली, "माझ्या पास्कूला एवढं सजवलंस, कोण गं तू?"

आम्ही रस्त्याकडच्या नव्या फाटकापासून मोजलं होतं. आत्याच्या मनात जुनंच होतं.

"तरी मी म्हणत होतो," व्हिन्सेंट पुटपुटला.

"तू काहीच म्हणत नव्हतास!"

मी ओशाळून फुलं गोळा करू लागले. म्हातारीने हात धरला. "राहू दे. माझ्या लेकाशी कोणी इतकं बोललं नव्हतं. तू मास्तरांची ना? चल."

जुन्या फाटकाकडे, मावळत्या उन्हात, बाबांच्या मातीवर अर्धी संपलेली एक मेणबत्ती अजून जळत होती.

"दुपारपर्यंत कोणीच आलं नाही," ती म्हणाली. "मग मीच लावली."

माझी मेणबत्ती मी तिच्याच ज्योतीवर पेटवली.

नागपूरला परतताना पिशवीत आत्याची केळी होती आणि पहिली मेणबत्ती हुकल्याचं दुःख कुठेच नव्हतं. आता मुखवटेवाली मुलं दारावर आली की त्यांना खाऊ देते आणि मनात नावं घेते. आधी पास्कूचं, मग बाबांचं.