आमच्या घरी आलेला अलोहा

नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा आम्ही टेक्ससमध्ये, शुगर लँडला राहत होतो. ऐंशीच्या दशकाचा मधला काळ होता. तेलाचे भाव कोसळले होते आणि ह्यूस्टनच्या आसपास रोज कुणी ना कुणी नोकरी जाऊन घरी बसत होतं. आमच्याच रस्त्यावर चार घरांपुढे 'फॉर सेल'च्या पाट्या लागल्या होत्या. नवरा तेलाच्या विहिरी खणायच्या अवजारांचं डिझाइन करायचा. एका शुक्रवारी तो भर दुपारी घरी आला, टेबलावरच्या वस्तूंचं खोकं गॅरेजमध्ये ठेवलं आणि बूट न काढता पलंगावर आडवा झाला. मी काही विचारलं नाही. त्याच्या ऑफिसातल्या तिघांच्या बायकांचे फोन आधीच येऊन गेले होते.

तिथे आम्हा पंधरा-वीस मराठी कुटुंबांचा एक गट होता. कुणी पुण्याचे, कुणी नागपूरचे, मी कोल्हापूरकडची. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जेवण व्हायचं, प्रत्येकीने एकेक पदार्थ न्यायचा. गटात वयाने आणि आवाजाने सगळ्यांत मोठ्या अशा एक बाई होत्या. त्यांना सगळे काकूच म्हणत. त्यांचे यजमान डॉक्टर, त्यामुळे तेलाच्या भावांशी त्यांचा संबंध गाडीत पेट्रोल भरण्यापुरता. त्या उन्हाळ्यात काका-काकू आठवडाभर हवाईला जाऊन आले. आल्यापासून काकू फोनवर 'हॅलो'च्या जागी 'अलोहा' म्हणायला लागल्या.

हॉटेलात पाहुण्यांसाठी रोज सकाळी एक तासाचा क्लास असायचा, त्यात एका मुलीने त्यांना 'अलोहा स्पिरिट' शिकवलं होतं. पुढच्या जेवणाला काकूंनी आम्हा सगळ्यांना ते समजावून सांगितलं. अलोहा म्हणजे नुसता नमस्कार नव्हे, अलोहा म्हणजे प्रेम, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेलं. छोट्या छोट्या गोष्टींतून आपण तो वाटला पाहिजे. तर आता दर महिन्याला गटाने अडचणीतलं एक कुटुंब निवडायचं आणि त्यांच्याशी अलोहा शेअर करायचा. मी हातात ताटली घेऊन ऐकत होते. खरं सांगायचं तर मला ते बरंही वाटलं. पहिलं कुटुंब कुठलं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी चारच्या सुमाराला दाराची घंटा वाजली. बाहेर असं ऊन की दार उघडलं की अंगावर ओलं फडकं पडल्यासारखं व्हायचं. दारात काका-काकू आणि गटातली आणखी सात-आठ माणसं. पुरुषांच्या अंगात पोपटी-गुलाबी फुलाफुलांचे शर्ट, प्रत्येकाच्या गळ्यात प्लास्टिकच्या फुलांचा हार. कुणी फोन केलेला नव्हता. नवरा बनियन आणि हाफ पँटवर सोफ्यात बसला होता. तो शर्ट घालायला उठला, तर काकूंनी त्याला खांद्याला धरून परत बसवलं. म्हणाल्या, घरच्याच माणसांपुढे कसली फॉर्मॅलिटी. आणि त्याच्या घामेजल्या गळ्यात एक हार घातला. मग माझ्या, मग आमच्या सात वर्षांच्या मुलीच्या.

त्या हारांना नव्या रेनकोटला येतो तसा वास होता. मानेला ते चिकटले आणि फुलांच्या कडा टोचायला लागल्या. मी काढायला गेले, तर काकू म्हणाल्या, फोटो होईपर्यंत राहू दे.

त्यांनी फॉइलचा एक मोठा ट्रे आणला होता. मॅकरोनी, चीज आणि डब्यातलं अननस, सगळं एकत्र भाजलेलं. वर लाल चेरी. शिवाय कपड्यांच्या दोन पिशव्या. एकजण त्यातले कपडे काढून काढून मला दाखवायला लागली, सगळ्यांदेखत. तळाशी पुरुषांच्या वापरलेल्या बनियन होत्या, काखेत पिवळ्या पडलेल्या. ती पटकन म्हणाली, "अगं, या चुकून आल्या वाटतं," पण काढून घेतल्या नाहीत, तशाच परत आत कोंबल्या. बायका तोंडाने 'बिच्चारे' म्हणत नव्हत्या, पण सगळ्यांच्या मानांना तो एक कल आला होता. आणि नजरा फिरत होत्या. टीव्ही अजून आहे, व्हीसीआर पण आहे.

मग काकांनी कॅमेरा काढला. आम्हा तिघांना सोफ्यावर बसवलं, ट्रे पुढच्या टेबलावर ठेवला, काकू आमच्या मागे उभ्या राहिल्या. फोटो तीनदा काढावा लागला, कारण नवऱ्याचा चेहरा नीट येत नव्हता.

"अरे, स्माइल कर ना जरा," काकू म्हणाल्या, "तुझ्यासाठीच आलोय आम्ही सगळे."

तिसऱ्या वेळी तो हसला. ते हसू मी आधी कधी पाहिलं नव्हतं. शाळेत मार खाल्लेला मुलगा मास्तरांनी 'हस' म्हटल्यावर हसेल, तसं.

मी सगळ्यांना चहा केला. आता घरी आलेल्या माणसांना चहा न देता कसं पाठवायचं? मुलीच्या सकाळच्या सीरियलचं दूध त्यात संपलं. ते गेल्यावर नवरा बाथरूममध्ये गेला आणि बराच वेळ मान धूत राहिला. मी तो ट्रे गॅरेजमधल्या कचऱ्याच्या पिंपात टाकला. कचऱ्याची गाडी यायला अजून तीन दिवस होते. रविवारी संध्याकाळपर्यंत त्या उकाड्यात अननस आणि चीज आंबून असा काही वास सुटला की गॅरेजमधून नाक दाबून जावं लागायचं. पिंपाच्या झाकणावर मुंग्यांची रांग लागली. मला वाटलं, बरोबर आहे, त्या दुपारचा वास हाच.

आमच्या शेजारी एक म्हातारी विधवा राहायची. आडव्या बांध्याची, पांढऱ्या केसांची आणि हातात कायम सिगारेट. ती मूळची हवाईची, हिलो गावची. तरुणपणी सैन्यातल्या एका टेक्सन माणसाशी लग्न करून इकडे आली होती. हे मला मुलीमुळे कळलं; तिने बिनधास्त विचारलं होतं. एरवी बाई बोलायला फटकळ होती आणि आमचं नातं हात हलवण्यापलीकडे गेलेलं नव्हतं.

सप्टेंबरमध्ये आम्ही दोनातली एक गाडी विकली. दुसरी घेऊन नवरा मिळेल त्या तात्पुरत्या कामाला जायचा. शुगर लँडला तेव्हा गाडी नसणं म्हणजे घरात कोंडून पडणं. आठवड्याभरात म्हातारी कुंपणापाशी आली. म्हणाली, डोळ्यांनी हल्ली नीट दिसत नाही, डॉक्टरने ड्राइव्ह करू नको सांगितलंय, गाडी नुसती उभी राहून बॅटरी खराब होणार. मी तिला मंगळवारी बाजारात आणि लागेल तसं डॉक्टरकडे नेलं, तर तिची सोय होईल. बाकीचे दिवस गाडी मीच वापरावी, इंजिन चालतं राहायला हवं.

मला आनंद झाला. किती तरी दिवसांनी कुणाला तरी माझा उपयोग होता. दर मंगळवारी मी तिला घेऊन जायचे. ती शेजारी बसून माझ्या ब्रेक मारण्याला नावं ठेवायची आणि सीटवर राख सांडायची. दुकानात गेलं की मला म्हणायची, तू तुझं सामान घे, आणि स्वतः कॉफीच्या कोपऱ्यात मासिक चाळत बसायची.

एका मंगळवारी गाडीत मी तिला त्या शनिवारची हकिगत सांगितली. ती हसेल, असं मला वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, हार प्लास्टिकचे होते? मी हो म्हटलं. तिने काच खाली केली आणि बाहेर थुंकली.

मग बऱ्याच वेळाने तिने सांगितलं की सोळाव्या वर्षी ती एका हॉटेलात कामाला होती. दिवसभर दारात उभं राहून येणाऱ्या पाहुण्यांच्या गळ्यात हार घालायचे आणि तो शब्द म्हणायचा. मॅनेजर मागे उभा राहून बघायचा, हसते की नाही. संध्याकाळी घरी गेलं की गाल दुखायचे आणि आई विचारायची, आज तरी बोलशील का आमच्याशी. एवढं सांगून ती म्हणाली, पुढच्या सिग्नलला उजवीकडे वळ.

दिवाळीच्या कार्यक्रमासाठी गटाने एका शाळेचा हॉल घेतला होता. नवरा येत नव्हता, मीच त्याला नेलं. लोक काय म्हणतील, हे अजून माझ्या डोक्यात होतं. जेवण झाल्यावर भर दुपारी पडदे ओढून घेतले आणि काकूंनी स्लाइड्स दाखवायला सुरुवात केली. समुद्र, ज्वालामुखी, खड्ड्यात भाजलेलं अख्खं डुक्कर. शाकाहारी मंडळींनी डोळे मिटले, मुलं 'यक' म्हणून ओरडली, सगळे हसले. पुढची स्लाइड आली आणि पडद्यावर आमचा सोफा होता.

भिंतभर मोठा. बनियनमधला माझा नवरा, गळ्यात जांभळी प्लास्टिकची फुलं, पुढे मॅकरोनीचा ट्रे, आणि ते हसू. अंधारात काकूंचा आवाज चालू होता. हे आपलेच मित्र, कुठल्या काळातून जातायत ते तुम्हा सगळ्यांना माहीतच आहे, पण बघा, थोडासा अलोहा मिळाल्यावर चेहरे कसे फुललेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरोखर वाजवल्या.

माझी मुलगी मोठ्याने म्हणाली, "आई, व्हाय आर वी इन द पिक्चर?"

नवरा उठला. दाराकडे जाताना त्याची सावली पडद्यावरच्या त्याच्याच चित्रावरून सरकत गेली. दार उघडलं, उजेडाचा एक पट्टा आत आला आणि गेला. त्या क्षणी मला राग आला, असं मी पुढे कित्येकांना सांगितलं, पण तो राग नव्हता. ती किळस होती. जेवणात झुरळ निघाल्यावर येते तशी, घशापर्यंत आलेली.

मी मुलीचा हात धरून प्रोजेक्टरपाशी गेले.

"काकू, ही स्लाइड मला द्या."

"अगं, आत्ता? कार्यक्रम चाललाय."

"आत्ता द्या."

काकू काही म्हणायच्या आत काकांनी, प्रोजेक्टर तेच चालवत होते, ती स्लाइड काढून माझ्या तळहातावर ठेवली. गरम होती. काका माझ्याकडे बघत नव्हते. पडदा पांढराफटक झाला, आणि त्या उजेडात पहिल्या दोन रांगांतले चेहरे मला दिसले. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्यांचे हात अजून मांडीवर तसेच जुळलेले होते.

नवरा बाहेर गाडीला टेकून उभा होता. मी स्लाइड त्याला दिली. त्याने ती उन्हात धरून पाहिली, मग मोडून दाराजवळच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. त्या रडत होत्या.

"मी चांगल्या मनाने केलं गं सगळं. माझं चुकलं काय, ते तरी सांग."

मी म्हटलं, "काकू, तुम्ही त्या दिवशी दोन तास आमच्या घरी होतात. एकदा तरी त्याच्याजवळ बसून विचारलंत, कसा आहेस?"

त्या म्हणाल्या, "अगं, पण आम्ही सगळे होतो ना तिथे."

मी फोन ठेवला. त्यांना खरंच कळलं नव्हतं, आणि तेच मला सगळ्यांत शिसारी आणणारं वाटलं. गटात पुढे बोललं गेलं की नोकरी गेली तरी हिचा तोरा गेला नाही. आम्ही जेवणांना जाणं बंद केलं. मला आजही काकूंची दया येत नाही. यायला हवी, असं कुणी म्हणालं तर मी ऐकून घेते.

जानेवारीत नवऱ्याला व्हर्जिनियात, हर्नडनला काम मिळालं. निघायच्या आठवड्यात मी म्हातारीला तिच्या गाडीची किल्ली परत केली होती, त्यामुळे मुलीला शाळेत सोडून चालत परत येत होते. मोठ्या रस्त्यावर एका ट्रकला ओव्हरटेक करून एक गाडी सुसाट पुढे आली. आत म्हातारी. एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्यात सिगारेट. समोरच्या वळणावर तिने गाडी एवढ्या सफाईने वळवली की मला आयुष्यात तसं जमलं नसतं. तिने मला पाहिलं. दोन बोटं उचलून हात केला आणि निघून गेली.

मी फूटपाथवर उभी राहिले. हळूहळू एकेक ध्यानात येत गेलं. डॉक्टरकडे मी तिला एकदाही नेलं नव्हतं. दर वेळी ती अपॉइंटमेंट कॅन्सल झाली म्हणायची. मासिकातली बारीक अक्षरं ती चष्म्याशिवाय वाचायची.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो कितीतरी महिन्यांनी पोट धरून हसला. मग डोळे पुसून म्हणाला, "आपल्याला कळलंय, हे तिला बोलू नकोस."

मी बोलले नाही. निघायच्या सकाळी आम्ही तिघं तिच्या दारात गेलो. ती गाउनवरच बाहेर आली. मी काहीतरी बोलायला लागले, तर तिने मला थांबवलं आणि नवऱ्याला सांगितलं की पुलाजवळ रस्त्याचं काम चाललंय, हायवेला मागच्या बाजूने लागा. मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग हीटरची हवा बाहेर जातेय म्हणत तिने दार लावून घेतलं.