तीनशे प्रतींचा वाहतूक परवाना

वरोऱ्याचे गुणवंतराव ढवस एकतीस वर्षं एका दैनिकाचे वार्ताहर होते आणि एवढ्या काळात त्यांनी एकदाही खुलासा छापला नव्हता. चुकले नाहीत असं नव्हे. गडचांदूरकडे पकडलेली वाघीण त्यांनी नर म्हणून छापली. पुढे पिंजऱ्यात तिला तीन पिल्लं झाली, तरी त्यांच्या बातमीत ती नरच राहिली, पिल्लांसकट. "एक खुलासा छापला की लोक मागच्या साऱ्या बातम्यांवर शंका घेतात," हे त्यांचं तत्त्व. बायको कमळाबाई म्हणायच्या, "तशीबी घेतेतच."

त्यांची प्रत्येक बातमी चंद्रपूरच्या कचेरीतली पोरं कापून चार ओळींवर आणत. म्हणून शेवटी त्यांनी दोनशे बारा पानांचं पुस्तक लिहिलं, कोणाची कात्री लागणार नाही असं. विषय होता एटापल्लीपलीकडचं बेलगुडा गाव. तिथं त्यांनी सहा वर्षं फेऱ्या मारल्या होत्या. यातला शब्दन् शब्द खरा आहे, असं प्रस्तावनेत तीनदा बजावलं होतं. शेवटच्या प्रकरणात बुधरी ही गावातली सगळ्यात म्हातारी बाई मरते. ते वाचून कमळाबाई रडल्या. आणि ही बाई स्वतःच्या पाठवणीलाही रडली नव्हती.

रविवारी चंद्रपुरात प्रकाशन होतं, पत्रिका वाटून झाल्या होत्या. पण पहिला मान गावाचा, म्हणून गुणवंतराव गुरुवारीच सगळ्या तीनशे प्रती जीपमध्ये भरून बेलगुड्याला गेले. दहा नेल्या असत्या तर भागलं असतं. पण नाही!

प्रती गोटुलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरात उतरल्या. ग्रामसभेचा सचिव सुनिल बी.ए. झालेला. त्यानं त्या दोनदा मोजल्या.

"सर, आता हे बाहेर न्याले परवाना लागन."

"काऊन? मीच तर आणले!"

"कागद तुमचा. आतला माल इथचा होय. गावाच्या जंगलातून जे निघते त्याले ग्रामसभेची मंजुरी लागते."

"अबे, हे पुस्तक होय, बांबू नोहे!"

"कागद बांबूचाच होते नं, सर."

शुक्रवारी सभा बसली. बेलगुड्यात हात वर करून मतं मोजत नाहीत. शेवटचा माणूस हो म्हणेपर्यंत सगळे बसून राहतात. माल तपासायचा म्हणून पुस्तक लेखकानं मोठ्यानं वाचायचं ठरलं. गुणवंतरावांनी चष्मा लावला, समोर पाहिलं, आणि चष्मा काढून पुन्हा पुसला. पहिल्या रांगेत बुधरी तंबाखू मळत बसली होती.

झालं होतं असं. तीन वर्षांपूर्वी गावाच्या शिवेवर बुधरीच्या घरचे लोक मेलेल्या माणसाच्या नावाचा दगड उभा करत होते. बुधरी कुठं दिसेना, जीपवाला भोंगा वाजवत होता. ती गुणवंतरावांची शेवटची फेरी. त्यांनी दुरूनच नमस्कार केला आणि वहीत लिहिलं : बुधरी गेली. दगड तिच्या बहिणीचा होता. विचारायला अर्धं मिनिट पुरलं असतं.

आता ते इतकं हळू वाचू लागले की शुक्रवार अडतीस पानांत संपला. शनिवारी सकाळी सुनिल म्हणाला, "सर, याच चालीनं वाचसान तर तुमचं प्रकाशन इथीच पोळ्याले होईन." मग त्यांनी पानं गाळून पाहिली. पण सुनिल दुसऱ्या प्रतीवर बोट ठेवून बसलेला. "सर, चार पानं सुटली."

सांजेला बुधरी मेली. गोटुलातले म्हातारे हमसून रडले, बुधरीची सून मंगली पदर तोंडात कोंबून रडली. खुद्द बुधरीनं डोळे पुसले. मग विचारलं,

"मी कधी मेली, भाऊ?"

"चैतात. मंगळवारी."

"चैतात तं मी मोहा वेचून राह्यली होती."

सुनिलनं नियमांची वही उघडली. "पेच आहे. पुस्तक खरं असन तर आजी मेली, अन् मेलेल्याची संमती घेता येत नाई. आजी जित्ती असन तर पुस्तक खोटं, अन् खोट्या मालाले परवाना नाई."

"मी जित्ती आहो," बुधरी म्हणाली.

"ते दिसते, आजी. कागदावरचं बोलतो."

गुणवंतराव उभे राहिले. एकतीस वर्षांत तोंडी न आलेलं वाक्य बाहेर आलं. "चुकलं माहं. विचारलं नाई मी. ते प्रकरण साऱ्या प्रतींतून फाडतो."

"हात तं लावून पाय!" बुधरी कडाडली. "माही सख्खी बहीण मेली तवा कोणी इतकं रडलं नाई. मी खरी मरीन तवा लिहाले तू राहशीन का? तुले तं आत्ताच धाप लागते. राहू दे ते. फक्त दिवस खोड."

सभेनं हो म्हटलं. बुधरीनं म्हटलं नाही. "आधी लिही. मी पायतो."

गुणवंतराव गोटुलात मांडी घालून बसले. तीनशे प्रतींत मंगळवार खोडला आणि खाली लिहिलं : ‘खुलासा. बुधरी जिवंत आहे. दिवस मागाहून कळवण्यात येईल.’ बुधरीला वाचता येत नव्हतं, तरी प्रत्येक प्रत डोळ्यांजवळ धरून तिनं तपासली. अकरा परत केल्या, खोडलेलं नीट नव्हतं म्हणून. रविवारी उजाडताना परवान्यावर तिचा अंगठा उमटला. माल : गोष्टी. नग : तीनशे.

वाटेत वनविभागाच्या नाक्यावर शिपायानं परवाना वाचला, उलटून पाहिला, पुन्हा वाचला. असा माल त्यानं कधी सोडला नव्हता, पण अंगठा होता, शिक्का होता.

"माल ओला की वाळलेला?" त्यानं रिवाजाप्रमाणे विचारलं.

एरवी गुणवंतराव ठोकून मोकळे झाले असते. आज ते जीपमधून उतरले, मागं गेले, वरची प्रत उघडून खुलाशाच्या शाईवर बोट टेकवलं आणि मगच सांगितलं, "ओला."