जाळीवरचं नाव

लातूर जिल्हा झाल्यानंतरच्या उन्हाळ्यात तिथे दोनच लोकांना फुरसत नव्हती: टँकरवाल्यांना आणि पेंटरांना. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, पण पाटी नसलेलं सरकारी दार एकही उरलं नव्हतं. मी गुरांचा डॉक्टर. नांदेडहून बदली होऊन आलो तेव्हा आमच्या दवाखान्याला भलीमोठी पाटी होती, साहेबांना काच लावलेलं टेबल होतं, आणि विजेचं मीटर अजून बसायचं होतं.

म्हणून आमचा फ्रीज गाडीत होता. ही गाडी कुठल्याशा परदेशी संस्थेनं खात्याला दिलेली. तिकडे लोक असल्या गाड्यांतून सुट्टीवर हिंडतात म्हणे. आत बाक, ओटा, कपाटं, आणि एका बाजूच्या भिंतीत कायमचा बसवलेला फ्रीज. त्याला कॉम्प्रेसर नसतो. मागे खालच्या बाजूला गॅसची बोटभर ज्योत जळते आणि तिच्या उष्णतेवर आत गारवा तयार होतो. साहेबांना हे मी तीनदा समजावलं. तिन्ही वेळा ते "वा, वा" म्हणाले आणि तिन्ही वेळा त्यांनी माझ्याकडे थापाड्याकडे पाहावं तसं पाहिलं.

तो फ्रीज नेमका तेव्हाच बंद पडला. रेणापूरला चारा छावणी लागली होती आणि तिथे शेकडो जनावरं दावणीला दावण लावून उभी होती. पावसाआधी त्यांना घटसर्पाची लस टोचायलाच हवी होती. घटसर्पात जनावराचा गळा सुजतो, श्वास घरघरतो, आणि बहुतेकांना दुसरा दिवस दिसत नाही. छावणीत एकाला झाला की शेजारच्याला निराळं आमंत्रण लागत नाही. लस थंड राहिली तर ती लस, नाहीतर बाटलीतलं पाणी. गावातला बर्फाचा कारखाना पाण्याअभावी बंद होता. सगळं त्या भिंतीतल्या फ्रीजवर येऊन ठेपलं.

नवा फ्रीज खात्याकडून आला, पण बसवणार कोण? लातुरात ज्याला विचारावं तो मागे कॉम्प्रेसर शोधायचा. शेवटी गाडी घेऊन नांदेडला एका मिस्त्रीकडे गेलो. माणूस हुशार आणि असह्य. माझ्या घरचा फ्रीज त्यानं दोनदा दुरुस्त केला होता आणि दोन्ही वेळा मला अडाणी ठरवून गेला होता.

त्यानं गॅस बंद केला, नळी सोडवली आणि फ्रीज आणि लाकडी चौकट यांच्या फटीत लोखंडी पट्टी घातली.

मी म्हणालो, "स्क्रू आतून आहेत. फ्रीजच्या आतल्या भिंतीत, पांढऱ्या टोप्यांखाली. पुस्तकात दिलंय."

"डॉक्टरसाब, तुमी बैल बघा. मशीन मी बघतो."

"चौकट फुटेल."

"मंग पुस्तकालाच सांगा खोलायला."

पट्टी आणखी आत गेली आणि चौकट फुटली. मिस्त्री थांबला. फ्रीजचं दार उघडून त्यानं नखानं एक पांढरी टोपी काढली. खाली स्क्रू होता.

"हे आधी बोलाचं न्हाई का?" तो म्हणाला.

चार स्क्रू निघाल्यावर फ्रीज कपाटाच्या खणासारखा अलगद बाहेर सरकला. मागे काजळी, आणि ज्योतीच्या नळीत कुंभारीण माशीनं बांधलेलं मातीचं घर. एवढ्याशा माशीनं परदेशी फ्रीज मारला होता. नवा फ्रीज बसवताना मात्र मिस्त्रीचं काम बघत राहावं असं होतं. गाडी सपाट उभी आहे की नाही हे त्यानं पाण्याच्या नळीनं तपासलं, फ्रीज तिरका राहिला तर गार होत नाही म्हणून खाली पत्र्याच्या पट्ट्या सारल्या, नळीच्या सांध्यांना साबणाचा फेस लावून गॅस गळतोय का ते पाहिलं. मग मला बाहेर नेऊन गाडीच्या अंगातल्या दोन जाळ्या दाखवल्या, एक खाली आणि एक वर.

"खालून गार हवा आत, वरून गरम हवा भाईर. नाक हाय हे त्याचं. दाबलं की खेळ खलास. तुमच्या साहेबाला सांगा. पुस्तकात असंल, तरी सांगा."

मी सांगितलं. साहेब "वा, वा" म्हणाले.

पुण्याहून लस आली. फ्रीजमधला थर्मामीटर चारावर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी रेणापूरला निघायचं ठरवलं, तर साहेबांनी गाडीचं उद्घाटन काढलं. गाडी सहा वर्षं रस्त्यावर धावत होती, पण जिल्हा नवा म्हणून तीही नवी. मुंबईहून पाहुणे यायचे होते. संध्याकाळी साहेबांनी गाडी पेंटरकडे पाठवली.

मी म्हणालो, "आत लस आहे."

"अहो डॉक्टर, पेंटर बाहेरून रंगवणार आहे."

मी गाडीबरोबर न जाता घरी गेलो, ही माझी चूक. ती मी कुणावर ढकलत नाही.

सकाळी गाडी दवाखान्यासमोर फुलांनी लगडून उभी होती. थर्मामीटर अकरावर होता. बाहेरून वळसा घालून पाहिलं तर जाळ्या नव्हत्या. त्यांच्यावर पत्रा ठोकून, फटींत लांबी भरून, घासून भिंत गुळगुळीत केली होती. वरच्या जाळीच्या जागी हातभर अक्षरांत जिल्ह्याचं नाव, खालच्या जाळीच्या जागी पाहुण्यांचं.

"जाळीवर अक्षरं बसत नव्हती," साहेब म्हणाले. "पाहुण्यांच्या नावात भोकं दिसली असती."

मिस्त्रीही आला होता. साहेबांनी त्याला शाल-श्रीफळ कबूल केलं होतं, म्हणून इस्त्रीचे पांढरे कपडे घालून. हत्यारांची पिशवी मात्र खांद्याला होतीच. त्यानं पत्र्यावर तळहात ठेवला, आत जाऊन ज्योत पेटवली, दोन मिनिटांत ती विझली, आणि तो बाहेर आला.

"नाक दाबलं तुमी."

"कार्यक्रम होऊ द्या," साहेब म्हणाले. "दोन तासांचा प्रश्न आहे."

पाहुणे दहाला येणार होते, म्हणजे दहाला येणार नव्हते. मी म्हणालो, "आता कापावं लागेल."

साहेबांनी दोन्ही नावांकडे आळीपाळीनं पाहिलं. माणूस काय मानतो हे त्या अर्ध्या मिनिटात कळलं. "बरं, वरचं कापा," ते म्हणाले. "जिल्ह्याचं काय, पुन्हा लिहिता येईल. खालच्याला हात लावायचा नाही."

"साहेब, खालून आत गेली न्हाई तर वरून काय निघंल?" मिस्त्री म्हणाला.

"मग निम्मं गार होईल."

"निम्मा चहा भेटतो साहेब हाटेलात. हे न्हाई भेटत."

मी मिस्त्रीच्या पिशवीतून पत्र्याची कातर काढली. त्यानं ती हिसकावून घेतली. "सरकारी गाडी हाय. मला लेखी द्या."

"कातर द्या इकडे."

"हात कापून घेसाल. सरका." त्यानं शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि पाहुण्यांच्या आडनावापासून सुरुवात केली.

साहेब म्हणाले, "जबाबदारी तुमची, डॉक्टर." मी हो म्हणालो. पुढे त्यांनी ते लेखीही घेतलं.

पाहुणे दीड वाजता आले. तोवर ज्योत जळत होती. भोकं कुणाला दिसू नयेत म्हणून साहेब संपूर्ण कार्यक्रम गाडीला पाठ लावून उभे राहिले. खालचं भोक त्यांच्या पायांनी पुरतं झाकलं जात नव्हतं, म्हणून निभावलं. वरच्यातून फ्रीजची सगळी गरम हवा त्यांच्या मानेवर येत होती. पाऊण तास दुष्काळावर भाषण झालं. तेवढा वेळ साहेब हसऱ्या चेहऱ्यानं भाजून निघाले. पाहुण्यांनी त्या बाजूला बघितलंच नाही. मागच्या दाराची फीत कापली, आत डोकावले, फ्रीज पाहिला आणि विचारलं, "यात थंड पाणी आहे का?"

शाल पेंटरला मिळाली.

संध्याकाळी थर्मामीटर सहावर आला. पण ज्योत पेंटरकडे किती वाजता विझली हे कुणालाच सांगता येईना. वरच्या खणातल्या बाटल्या सकाळी हाताला कोमट लागल्या होत्या, खालच्या गार होत्या. मी वरच्या बाजूला काढल्या.

"सगळ्या वापरा," साहेब म्हणाले. "गुरं काय थर्मामीटर लावून बघणार आहेत?"

मी त्या बाटल्या त्यांच्यासमोर दवाखान्याच्या पायरीवर फोडल्या. सांगताना हे शौर्य वाटतं. तेव्हा तो नुसता राग होता, आणि त्यातला बराचसा स्वतःवर होता.

दुसऱ्या दिवशी रेणापूरला दुपारपर्यंत लस संपली. छावणीच्या दोन दावणी उरल्या होत्या. त्यातल्या पहिल्याच खुंट्याशी एक बाई म्हशीची दोरी धरून सकाळपासून उभी होती.

"सरली? आन् आमी काय तोंड बघायला हुबं हाव?"

"मावशी, दुसरी मागवली आहे. आली की आधी तुमच्याकडे."

"तुमचा डायवर म्हन्ला, काल तुमी बाटल्या फोडल्या."

"त्या गरम होऊन खराब झाल्या होत्या. आत नुसतं पाणी उरलं होतं."

"टोचल्या असत्या की! पानी तर पानी. ह्या दावनीला सोडून तर गेला नसता."

पाणी टोचलं असतं तर तुम्ही निर्धास्त राहिला असता, आणि तेच वाईट झालं असतं, असं मी म्हणालो. तिनं माझ्याकडे पाठ फिरवली. जाता जाता म्हणाली, "लई शिकलेला दिसतोस."

दुसरी लस यायला बारा दिवस लागले. रोज संध्याकाळी मी छावणीला फोन लावायचो आणि कुणाचा गळा सुजला का विचारायचो. कुणाचा सुजला नाही. पहिल्या टोचलेल्या जनावरांमुळे, की नशिबानं, हे मला आजही ठाऊक नाही. साहेबांच्या अहवालात त्याचं कारण नवा जिल्हा असं होतं.

लस घेऊन गेलो तेव्हा बाईचा खुंटा रिकामा होता. विचारलं तर छावणीवाल्यानं हात करून दाखवलं: पार रस्त्याच्या कडेला, कुठल्याच जनावराच्या जवळ नाही अशा ठिकाणी, चार काठ्यांवर पोतं टाकून केलेल्या सावलीत म्हैस एकटी बांधलेली. बारा दिवस चारा आणि पाणी बाई डोक्यावरून तिथं नेत होती. मी जे तिला सांगायला हवं होतं आणि विसरलो होतो, ते तिनं न विचारता केलं होतं.

मला पाहून ती उठली नाही. मी सुई काढली, बाटली काढली. तेव्हा तिनं हात पुढे केला. मी बाटली दिली. तिनं ती पदराला पुसली, गालाला लावली, डोळे मिटून जरा वेळ तशीच धरली. मग परत दिली आणि म्हशीची मान दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरली.

"टोच," ती म्हणाली.