माळ्यावरचा ढोल आणि रॉकवाली पोरं

जुळे सोलापुरात रिक्षा चालवणाऱ्या सिद्धरामचा फ्लॅट केवढासा, त्यात माळ्यावर हा भलाथोरला धनगरी ढोल. सांगोल्याकडून येताना त्यानं मेंढरं भावाला दिली, ढोल मात्र उराशी धरून आणला. वाजवला की वरचे-खालचे शेजारी दारात हजर! शेवटी बायकोनं, केराबाईनं निर्वाणीचं सांगितलं, "ह्या आईतवारी ढोल गावाकडं जाणार म्हंजी जाणार."

त्याच आठवड्यात शिवराज गिटार घेऊन त्याच्या रिक्षात बसला. त्याचा प्रोग्रेसिव्ह रॉकचा बँड. गाणी लांबलचक आणि ठेके इतके वाकडेतिकडे, की टाळी देणारा हमखास फसावा. आजवरच्या निवडक गाण्यांचा अल्बम निघत होता. सोबत एक नवं गाणं हवं होतं, रॉकवाल्यांनी कधी न घेतलेल्या वाद्याचं. सिद्धरामनं रिक्षा तिथंच बाजूला घेतली. "ढोल हाय की माज्याकडं!"

रविवारी तो स्टुडिओत पोचला. मागोमाग केराबाईही, कारण तिथूनच ढोल एसटीत घालायचा तिचा बेत होता. रेकॉर्डिंग सुरू झालं. आता बिरोबाच्या नावानं भंडारा उधळल्याशिवाय या माणसानं जन्मात ढोलावर हात टाकलेला नाही. त्यानं पिशवीतून मूठभर हळद काढली आणि "चांगभलं!" म्हणत उधळली. खोली बंद, वर एसी फुल्ल! कीबोर्ड पिवळा, माईक पिवळा, शिवराजची दाढीसुद्धा पिवळी. सिद्धरामचे मात्र डोळे मिटलेले, अंगात वारं भरलेलं. काय वाजवला गडी! पोरंही हसत-खोकत त्याच्यामागं सुटली. मग ठरल्याप्रमाणे सगळी वाद्यं एकदम थांबली, आणि त्या शांततेत केराबाई शिंकली. साधीसुधी नव्हे, खिडक्या हादरवणारी.

"घात केलास गं!" सिद्धराम रडकुंडीला आला.

शिवराज हसून हसून जमिनीवर बसला होता. "मामा, हेच ठेवायचं. पुन्हा घ्यायचं नाही."

केराबाई इतकी ओशाळली, की तिनं ढोलाला अल्बम येईपर्यंत मुदत दिली.

अल्बम घेऊन शिवराज स्वतः घरी आला. "मामी, वाद्यांत तुमचं पण नाव घातलंय. ढोल सिद्धराम, शिंक केराबाई."

तिनं ते गाणं सगळ्या शेजाऱ्यांना बोलावून ऐकवलं, तेही आवाज मोठा करून. सगळे पांगल्यावर सिद्धरामनं भीत भीत विचारलं, "मग ढोल गावाकडं कवा धाडायचा?"

"खुळं का काय तुमी?" केराबाई उसळली. "पोरांनी पुन्यांदा बोलावलं, तर ढोलाबिगर मी शिंकू कशी?"