जिंकायचं सोडून देणारी

मुरबे गावच्या माझ्या मैत्रिणीइतकी वादाची हौस असलेलं आणि वाद जिंकण्याची तितकीच नावड असलेलं माणूस अख्ख्या पालघर तालुक्यात दुसरं नसेल. बाजारात आईच्या टोपलीशेजारी बसून मासळी विकतच ती मोठी झाली, त्यामुळे रिक्षावाला असो की वर्गशिक्षक, ती आधी वाद घालते आणि मग मधला तोडगा काढते. ग्रंथपालांनी पुस्तक आठवड्यासाठीच मिळेल म्हटलं, तेव्हा हिने महिना मागून त्यांना पंधरा दिवसांवर आणलं. "पयल्या बोलीलाच हो म्हटलं, तर समोरच्याला वाटतं आपण फसलो," असं तिचं मत आहे.

गेल्या उन्हाळ्यात बोईसरला वादविवादाचं एक दिवसाचं शिबिर होतं. मी मासवणची, आमच्या घरातली कॉलेजात जाणारी पहिलीच, चार लोकांत उभी राहिले की बोलताना अडकणारी. तीच मला ओढत घेऊन गेली. तिला वकील व्हायचं आहे, आणि संध्याकाळी शिबिर घेणारे सर मुंबईच्या स्पर्धेसाठी एकाची निवड करणार होते. "ती जागा माझी हाय गो," असं ती जेवताना सुकट-भाकरीच्या घासागणिक सांगत होती.

दुपारी सरांनी आम्हा दोघींनाच समोरासमोर उभं केलं. विषय होता कॉलेजात मोबाईलवर बंदी. ती बंदीच्या बाजूने होती. खवले काढावेत तसे तिने माझे मुद्दे खोडून काढले. मी दोन वाक्यं बोलले आणि अडकले. तिने माझ्याकडे पाहिलं.

"बरं, तास चालू असताना बंद, सुट्टीत चालू. पटतं काय?"

"ग्रंथालयातही चालू," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"चल, ग्रंथालयातही," म्हणून ती समाधानाने खाली बसली.

सरांनी कपाळाला हात लावला. "अगं, तू जिंकली होतीस. आपली बाजू कशाला सोडलीस?"

"सर, गिऱ्हाईक उभं असताना त्याला रिकामं कसं पाठवायचं?"

सगळे हसले. निवड तारापूरच्या एका मुलाची झाली. परतताना रिक्षात मी काही विचारणार, तोच ती म्हणाली, "आज नको गो."

यंदा ती शिबिरात पुन्हा नाव देणार आहे. सराव माझ्याशीच करते. परवा बोलताबोलता मी पुन्हा तशीच अडले. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, आणि पुढचा मुद्दा मांडला. यंदा तिची निवड होईल, असं मला वाटतं.